सुती कापडावर पानांचे ठसे का टिकत नाहीत? सोलापूरच्या एका ताईंना उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. सोलापुरात अशोक चौकाजवळ राहणाऱ्या एका ताईंकडे सासऱ्यांची जुनी पांढरी धोतरं आहेत आणि दिरांच्या कारखान्यातून टॉवेल-चादरींची पोतंभर कात्रणं येतात. व्हिडिओ पाहून त्यांनी या कापडांवर जास्वंद, कडुनिंब आणि नीलगिरी ठेवून, गुंडाळून वाफवलं. उघडलं तेव्हा जांभळे-हिरवे ठसे सुरेख दिसत होते; दोनदा धुतल्यावर पिवळट डाग राहिले. चुकलं कुठे, सोलापुरात कुठली पानं घ्यावीत आणि यातून भिंतीवर लावण्याजोगं, विकता येईल असं काही होईल का, हे त्यांना विचारायचं आहे.

ताई, गुंडाळणं आणि वाफवणं तुम्ही बरोबर केलंत. अडचण त्याच्या आधीची आहे. तुम्ही पाहिलेले व्हिडिओ बहुतेक लोकरीवरचे किंवा रेशमावरचे असणार. आज ज्याला ‘इको प्रिंट’ म्हणतात तो प्रकार जगभर पोचवला तो ऑस्ट्रेलियातल्या इंडिया फ्लिंट या कलावतीने, आणि त्यांच्या कामाच्या मुळाशी तिथली नीलगिरी आणि तिथली लोकर आहे. लोकर आणि रेशीम हे प्राणिज धागे. त्यांतली प्रथिनं पानातला रंग स्वतःहून धरून ठेवतात, म्हणून नीलगिरीचं पान नुसतं गुंडाळून शिजवलं तरी लोकरीवर केशरी-तांबडा ठसा बसतो. तुमचं धोतर सुती आहे. कापूस म्हणजे सेल्युलोज, आणि सेल्युलोज पानातला रंग सहजी धरत नाही. त्याला आधी टॅनिन, म्हणजे हिरड्यात, सालींत, पानांत असतं ते तुरट द्रव्य, आणि धातूचा क्षार द्यावा लागतो. आपल्याकडच्या रंगाऱ्यांना हे फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. मोहेंजोदडोला सापडलेला सुती कापडाचा तुकडा मंजिष्ठेच्या जातीच्या रंगाने रंगवलेला होता, आणि तो रंग तुरटीसारख्या क्षाराशिवाय सुतावर पक्का बसत नाही. कलमकारीवालेही आधी कापड हिरड्यात भिजवतात, मग पुढचं काम. म्हणून ऑस्ट्रेलियाची कृती बाजूला ठेवा. आपल्याला लागणारी कृती आपल्याच रंगाऱ्यांकडे आहे.

पानाआधी कापड बघा. सोलापुरात कात्रणांना तोटा नाही, पण त्यातलं निम्मं तरी या कामाला चालत नाही. काडी ओढून बघा: प्रत्येक जातीच्या कात्रणाचे दोन धागे काढून जाळा. कागद जळल्यासारखा वास आला आणि बोटात चुरगळणारी हलकी राख राहिली तर सुती. धागा आक्रसून वितळला आणि टोकाला कडक गोळी झाली तर त्यात पॉलिस्टर आहे. ताडून बघण्याचं हे काम एका दुपारचं आहे, पण ते टाळलंत तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. गणवेशाच्या कारखान्यातली कात्रणं बहुतेक मिश्र धाग्याची निघतील. ती फेकू नका; त्यांच्या लांब पट्ट्या गुंडाळी बांधायला उत्तम, कारण त्या रंग फारसा पीत नाहीत, भिजून सैल होत नाहीत आणि पुन्हा पुन्हा वापरता येतात.

टॉवेलचं वेगळं आहे. कापड सुती, रंगही पितं, पण त्याच्या लूपवर पानाची कड उठत नाही, शिरा तर नाहीच. पान ठेवलं तर नुसता ढगासारखा डाग पडतो. टॉवेलच्या दोन्ही टोकांना जी सपाट विणीची पट्टी असते तिच्यावर मात्र ठसा स्वच्छ येतो. त्या पट्ट्या कापून वेगळ्या ठेवा. अरुंद असतात, पण एकाखाली एक जोडल्या की त्यांची चांगली चौकट होते. चादरीची रंगीत कात्रणं छापायला घेऊच नका. त्यांचा उपयोग शिवताना आहे, तो पुढे सांगते.

आणि धोतरं? या कामाला त्याहून चांगलं कापड शोधूनही मिळणार नाही. कोऱ्या मांजरपाटात खळ असते, कापसाचं नैसर्गिक मेण असतं, ते काढायला दोन-दोनदा उकळावं लागतं. वर्षानुवर्षं धुतलेल्या धोतरातून ते जवळजवळ निघून गेलेलं असतं. तरीही एकदा उकळाच, कारण निळीचा आणि साबणाचा थर असतो. एक किलो कोरड्या कापडाला चाळीस-पन्नास ग्रॅम धुण्याचा सोडा, थोडा साधा साबण आणि तासभर मंद उकळी. निघालेलं पाणी चहासारखं पिवळं दिसेल. मग कापड वाळवून त्यावर पाण्याचा एक थेंब सोडा. थेंब मोत्यासारखा बसून राहिला तर पुन्हा उकळा. टेकताक्षणी पसरून जिरला तर कापड तयार.

आता पाणी. सोलापूरकरांना पाण्याबद्दल मी काय सांगावं. नळाला काही दिवसांआड येणारं पाणी आपण साठवून वापरतो आणि धुण्याभांड्याला बोअरचं घेतो. बोअरचं पाणी जड असतं. त्यातला चुना तुरटीचं काम बिघडवतो, साबणाला फेस येऊ देत नाही, आणि पाण्यात लोखंड असेल तर पांढरं कापड नकळत राखाडी होतं. म्हणून उकळण्याला आणि शेवटच्या धुण्याला बोअर चालेल, पण हिरडा आणि तुरटी भिजवायला नळाचं किंवा पावसाचं पाणी घ्या. पावसाळ्यात पत्र्याची पन्हळ धरून दोन पिंप भरून ठेवली तर छोट्या कामाला बरेच महिने पुरतात. हिरड्याचं आणि तुरटीचं पाणी एकदा वापरून ओतू नका. त्यात निम्मं सामान नव्याने घालून दुसरं कापड भिजवता येतं. आपल्या गावात बादलीभर पाणी वाचवणं हा या कामाचाच भाग आहे असं मी मानते. पर्यावरणाच्या नावाने कापड करायचं आणि त्यासाठी दहा बादल्या पाणी गटारात सोडायचं, हे मला पटत नाही.

काष्ठौषधीच्या दुकानात हिरडा मागाल तेव्हा बाळहिरडा घेऊ नका, तो औषधाचा. मोठा पिवळसर हिरडा घ्या, बी काढून टाका आणि वरच्या सालीची पूड करा; ‘हिरडेदळ’ म्हणून तयारही मिळतं. शंभर ग्रॅम कापडाला दहा ग्रॅम पूड गरम पाण्यात कालवा, गाळा आणि कापड रात्रभर त्यात बुडवून ठेवा. सकाळी पिळून, न धुता सावलीत वाळवा. कापडावर फिकट सायीसारखी पिवळी झाक येईल. मग तुरटी: शंभर ग्रॅम कापडाला पंधरा ग्रॅम, गरम पाण्यात विरघळवून. वेगळ्या वाटीत दोन ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवा आणि तो तुरटीच्या पाण्यात थेंबथेंब सोडा. फसफसेल, म्हणून भांडं मोठं घ्या. फेस बसल्यावर कापड घाला आणि पुन्हा रात्रभर ठेवा. हा सोडा घालायची पायरी बरेच जण गाळतात. तुरटीचं पाणी आंबट असतं, आणि नुसत्या आंबट पाण्यात सूत हवी तेवढी तुरटी धरत नाही. दोन ग्रॅम सोड्याने फार फरक पडतो.

तिसरी वस्तू हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार. पानातलं टॅनिन आणि हिराकस भेटले की काळा-करडा रंग तयार होतो, आणि शिरा न् शीर उमटते ती याच्यामुळे. पण हात आखडता ठेवा. एक लिटर पाण्यात तीन-चार ग्रॅमच्या वर जाऊ नका. जास्त लोह सुती धाग्याला खातं. आज दिसत नाही, काही वर्षांनी ठशाच्या कडेने कापड विरायला लागतं, आणि जुन्या धोतराला ते आणखी लवकर भोवतं. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण तुमच्या भिंतीवरच्या चित्राची सगळी धाटणी तीवर ठरते. हिरड्यात भिजलेल्या कापडावर हिराकसाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं पसरलंत तर सगळी जमीन, म्हणजे ठशांमागचं मोकळं कापड, करडी होईल आणि पानं तिच्यात फिकट किंवा पिवळसर दिसतील. जमीन उजळ हवी असेल तर कापडाला हिरडा देऊच नका, फक्त तुरटी द्या, आणि हिराकसाच्या पाण्यात पान बुडवून, टिपून मग ठेवा. तेव्हा पानाचं स्वतःचं टॅनिन फक्त पानाखालीच काळवंडतं. एकाच धोतराचे दोन तुकडे दोन्ही तऱ्हांनी करून शेजारी ठेवा. कुठली तुम्हाला आवडते ते लगेच कळेल. मला स्वतःला पहिली जास्त भावते, कारण करड्या जमिनीत शिवणीचा टाका छान उठतो.

हिराकस, तुरटी, हिरडा यांची भांडी, चमचे, गाळणी स्वयंपाकातून कायमची वेगळी काढा आणि पुडीवर नाव लिहून मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

आता पानांकडे येऊ. तुमची जास्वंद गेली कारण फुलातला तो जांभळा रंग आंबट-खाऱ्याने बदलतो आणि उन्हात टिकत नाही. बीटचंही तेच. हळद कापडावर भरपूर चढते, पण ऊन लागलं की उडते. कडुनिंबाचा हिरवा म्हणजे पानातलं हरितद्रव्य, तो पक्का रंग नव्हे. पान निवडताना दिसायला कसं आहे हे न बघता त्यात टॅनिन किती ते बघा. चावून बघितल्यावर जीभ तुरट होते ती पानं टॅनिनची, पण ओळखीचं आणि बिनविषारी असेल तेच पान तोंडात घाला.

सोलापुरात अशी पानं पावलोपावली आहेत. अंगणातला देशी बदाम हिवाळ्यात लाल होऊन पानं गाळतो. झाडाला हात न लावता मिळणारी, मोठी, जाड शिरांची ती पानं हिराकसाबरोबर जवळजवळ काळा ठसा देतात. गुलाबाचं पान माझं सर्वांत आवडतं. फुलापेक्षा पान कामाचं. त्याची कातरलेली कड सुती कापडावर इतकी रेखीव येते की दातरा न् दातरा मोजता येतो. सागाचं कोवळं पान चोळलं की हात लाल होतो हे लहानपणी सगळ्यांनी पाहिलेलं असतं. तोच रंग तुरटीच्या कापडावर तांबूस-जांभळा उतरतो, पण पान कोवळंच हवं. नीलगिरी टाकू नका, फक्त सुतावर केशरीची अपेक्षा सोडा आणि तिच्या लांब करड्या आकारासाठी वापरा. बाभळीच्या शेंगा आणि तरवडाची साल टॅनिनने भरलेली असते. तरवडाची साल कातडी कमवायलाच वापरत. हे दोन्ही ठसे उठवायला नव्हेत, तर धागे आणि अस्तर रंगवायला. डाळिंबाची साल तर सांगोला-पंढरपूरच्या पट्ट्यात मागाल तितकी मिळेल, रसवाल्याकडे सांगून ठेवा. वाळवून कुटली की पिवळा रंग, आणि हिराकसाबरोबर शेवाळी करडा. सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याची आवक केवढी असते ते तुम्हाला ठाऊकच आहे. लाल कांद्याची सुटी टरफलं पानांच्या मधे विखुरलीत तर केशरी-तपकिरी ठिपके मिळतात. झेंडूच्या पाकळ्या तुरटीवर चांगला पिवळा देतात. दसरा-दिवाळीनंतरची फुलं सावलीत वाळवून डब्यात भरून ठेवा.

काही झाडं मात्र कटाक्षाने टाळा. रस्त्यांच्या दुभाजकावर लावलेली कण्हेर विषारी आहे, तिची पानं घरात शिजवायची नाहीत. धोतरा आणि रुईही नको. गाजरगवताने अंगावर पुरळ उठतं.

विडीच्या पानाबद्दल मुद्दाम लिहिते, कारण ही गोष्ट सोलापूरसारख्या गावीच सुचू शकते. तुमच्या आसपास घरोघरी विड्या वळणाऱ्या बायका आहेत. तेंदूचं पान भिजवून, त्यावर पत्र्याचा आयताकृती साचा ठेवून कात्रीने कापतात. आयत विडीला जातो आणि कडेचं कात्रण केरात. तंबाखू लागण्याआधीचं हे कात्रण त्यांच्याकडून मागून घ्या. एका बाजूला पानाची गोल नैसर्गिक कड, दुसऱ्या बाजूला कात्रीची सरळ रेघ. ते हिराकसाच्या पाण्यात बुडवून तुरटीच्या कापडावर ओळीने मांडा. झाडाचं पान आणि बाईच्या हातची कात्री, दोन्ही एकाच ठशात येतात. परदेशी कलावंतांच्या पानांची नक्कल करण्यापेक्षा हे काम तुमचं, तुमच्या गल्लीतलं होईल. मिळालेल्या कात्रणाचे दोन पैसे त्या बाईंना जरूर द्या, फुकट नेऊ नका.

गुंडाळताना कापड ओलसर हवं, गळकं नको. पानाची शिरांची बाजू कापडाकडे, कारण रंग तिथून जास्त सुटतो. वर दुसरं कापड किंवा हिराकसाचं फडकं, मग बांबूच्या तुकड्यावर घट्ट गुंडाळायचं. लोखंडी नळी घेतलीत तर तीही रंगात भाग घेईल, ते नको असेल तर बांबूच बरा. ठशाची सगळी मदार दाबावर आहे. पान कापडाला चिकटून नसेल तर मधे वाफ शिरते आणि कड विरघळते. म्हणून त्या मिश्र धाग्याच्या पट्ट्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मधे बोट शिरणार नाही इतकं आवळून बांधा. जुन्या पातेल्यात जाळी, खाली पाणी, वर गुंडाळी, झाकणावर वजन आणि दीड ते दोन तास वाफ. तासाभराने गुंडाळी फिरवा आणि पाणी आटलं नाही ना ते बघा. गॅस बंद केल्यावर लगेच उघडू नका, रात्रभर तशीच राहू द्या.

उघडल्यावर पानं झटकून कापड सावलीत वाळवा आणि आठवडाभर धुऊ नका. मग रिठ्याच्या किंवा सौम्य साबणाच्या पाण्यात हलक्या हाताने. लिंबू, व्हिनेगर, चिंच या कापडावर सांडू देऊ नका, लोहाचा काळा रंग तिथे फिका पडतो. विकायचा विचार असेल तर प्रत्येक नव्या पानाची एक पट्टी आधी तपासा: निम्मी पट्टी पुठ्ठ्याने झाकून उन्हाच्या खिडकीत दोन आठवडे ठेवा. झाकलेल्या आणि उघड्या भागात फरक दिसला तर ते पान भिंतीवरच्या कामाला नाही. सोलापूरच्या उन्हात जे टिकतं ते कुठेही टिकेल.

शिवणीची पद्धत आपल्याकडे आहेच, ती गोधडीची. वर ठशाचं धोतर, मधे जुन्या चादरीचा झिजलेला भाग, खाली दुसरं अस्तर, आणि तिन्हींना धरणारा धावदोरा. धोतर विरविरीत असतं, त्याला चादरीच्या जाड विणीचा आधार मिळाला की तुकडा भिंतीवर सरळ लोंबतो, सुरकुततही नाही. टाका पानाच्या शिरेवरून नेण्याचा मोह होतो, नेऊ नका. पानाच्या बाहेरून, कडेला समांतर, एकात एक वाढत जाणाऱ्या रेघा घाला, म्हणजे ठसा मोकळा राहतो आणि टाके त्याच्याकडे नजर नेतात. दोरा विकत आणायची गरज नाही. मागावरून कापड उतरवल्यावर उरणाऱ्या सुती दशा दिरांकडे असतील. एकेरी दशी शिवताना तुटते. दोन-तीन एकत्र पिळून, बाभळीच्या शेंगांच्या काढ्यात आणि चिमूटभर हिराकसात बुडवली की ठशाशी जुळणारा करडा दोरा तयार. चादरीची लाल-हिरवी कात्रणं फार थोडी, कडेला किंवा एखाद्या कोपऱ्यात चौकोन म्हणून लावा. जास्त लावलीत तर पानांकडे कुणी बघणार नाही.

विकण्याबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे तुमच्या कामाला ‘सोलापुरी चादर’ म्हणू नका. ‘जुन्या सोलापुरी चादरीच्या कापडातून केलेलं’ असं लिहा. कुठलं झाड, कुठलं कापड, हिराकस वापरलं की नाही, हे चिठ्ठीवर लिहून जोडा, आणि थेट उन्हात लावू नये हेही. नैसर्गिक रंग कधीच उडत नाहीत असं कुणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका, आणि तुम्हीही गिऱ्हाइकाला तसं सांगू नका. किंमत ठरवताना कापड फुकटचं आहे म्हणून कमी धरू नका. दोन रात्रींचं भिजवणं, दोन तासांचा गॅस आणि शिवणीचे दिवस धरा. आधी पाच-सहा छोटे तुकडे करून घरात लावा, चार पावसाळी आणि चार उन्हाळी महिने जाऊ द्या, मग प्रदर्शनाचं बघा.

सासऱ्यांच्या धोतराला सुरुवातीलाच कात्री लावू नका. आधी टॉवेलच्या सपाट पट्ट्यांवर बदाम, गुलाब आणि विडीचं कात्रण करून बघा. हिराकसाचं प्रमाण हातात बसलं की मग धोतराच्या एका टोकाचा हातभर तुकडा घ्या आणि काठ तसाच राहू द्या. शिवताना तोच काठ चित्राची वरची कड म्हणून वापरता येईल, दांडी घालायला त्याचीच घडी शिवा.